पासिंगपुरता टायर

खोलीत एकूण एकोणीस वस्तू होत्या. टायर पाच, रिमांसकट. वायपर दोन. प्रथमोपचाराची लाल पेटी एक. तिच्यात एक बँडेज, मलमाची वाळलेली नळी आणि कात्री. आग विझवायचं नळकांडं एक. बाजूचे आरसे दोन. भोंगा एक. मागचे लाल दिवे दोन. रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण एक. टायरला चोपडायच्या काळ्या पॉलिशचा डबा एक, ब्रश एक. खाकी शर्ट एक. दिनदर्शिका एक. उंदीर मी मोजलेले नाहीत, कारण त्यांचा आकडा दर महिन्याला बदलत असे.

मित्रांनो, त्या पाच टायरांतला डावीकडून दुसरा तो मी. आज मी जुना टायर आहे. पण माणसं म्हातारी होतात तसा कष्ट करून मी म्हातारा झालो नाही. मला ठेवून ठेवून म्हातारं केलं गेलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्या बोलण्यातला तिटकारा तुम्हाला समजेल.

माझा जन्म २००१ सालच्या चौदाव्या आठवड्यातला. हे मी अंदाजाने सांगत नाही. माझ्या कुशीवर, रिमच्या जवळ, चार आकडे उठवलेले आहेत: १४०१. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी गरम होतो आणि माझ्या अंगावर रबराचे बारीक केस होते. माझी नक्षी नऊ मिलिमीटर खोल होती. तपासणाऱ्या माणसाने मला अंगठ्याने दाबलं आणि म्हटलं, "मऊ आहे, पकड चांगली धरेल." माझ्याविषयी खरी म्हणावी अशी स्तुती मी आयुष्यात तेवढीच ऐकली.

मुळशी तालुक्यातल्या उरवड्याच्या कुशाबाने आम्हा पाचांना पुण्यातून आणलं. कुशाबाचं उरवड्याला गॅरेज होतं आणि स्वतःची एक जीप होती. वाटेत मी घाट पाहिला, माणसांनी भरलेल्या जीपा पाहिल्या आणि मनात म्हटलं, आता कामाला लागायचं. चार दिवसांनी त्याने आम्हाला जीपला लावलं, पॉलिश फासलं आणि पुण्याला नेलं. एका मैदानावर गाड्यांची रांग होती. तपासणीचे साहेब वाकले, माझी नक्षी बघितली, ब्रेक लावून बघितला, दिवे बघितले आणि कागदावर सही केली. संध्याकाळी कुशाबाने जॅक लावला. चाळीस मिनिटांत आम्ही पाचही जण उतरलो आणि जीपला पुन्हा तिचे आधीचे गुळगुळीत टायर लागले. आम्हाला मागच्या खोलीत उभं केलं, दार लावलं.

मला वाटलं, काही चूक झाली असेल. चूक नव्हती. तेच आमचं काम होतं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. भाड्याने माणसं किंवा माल नेणारी गाडी नवी असते तेव्हा पहिली दोन वर्षं तिला योग्यतेचा दाखला असतो. नंतर दरवर्षी तिला तपासणीला न्यावं लागतं. लोक याला 'पासिंग' म्हणतात. दाखल्यावर तारीख असते. त्या तारखेच्या आत गाडी पुन्हा दाखवली नाही, तर ती रस्त्यावर आणता येत नाही. नियम साधा आहे आणि चांगला आहे. वर्षातून एकदा कोणीतरी विचारतं, गाडी थांबते का? दिसते का? रस्ता धरते का?

कुशाबाच्या लक्षात आलं, की प्रश्न वर्षातून एकदाच विचारला जातो, तर उत्तरही एकाच दिवसापुरतं पुरे. पुढच्या वर्षी त्याचा चुलतभाऊ आला, मग शेजारचा भिवाजी आला, मग अख्खा रस्ताच आला. सगळ्यांच्या जीपा एकाच मापाच्या, चाकाला पाच नट. आम्ही कोणालाही बसत होतो. खाकी शर्टही कोणालाही बसत होता. बारक्या ड्रायव्हरला तो गुडघ्यापर्यंत यायचा आणि भिवाजीला त्याची बटणं लागायची नाहीत, तेव्हा तो साहेबांसमोर पोटावर फाईल धरून उभा राहायचा. लाल पेटीतलं बँडेज सात वर्षांत एकदाही सुटलं नाही. नळकांड्याचा काटा पहिल्या वर्षीच शून्यावर आला होता. तो दिसू नये म्हणून नळकांडं भिंतीकडे तोंड करून बसवायचे.

२००८ सालापर्यंत तेवीस जीपा झाल्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तेवीस तारखांना निळ्या पेनाने गोल होता आणि गोलाजवळ जीपवाल्याचं नाव. एका तारखेवर दोन नावं कधी येत नसत. कोणी नवी जीप घेतली, की कुशाबा तिच्यासाठी मोकळा दिवस शोधायचा आणि म्हणायचा, "ह्याच दिशी पहिलं पासिंग करून घे, म्हंजे जन्मभर टायर मोकळं सापडतील." थोडक्यात, कुठली गाडी कधी तपासायची हे गाडीकडे बघून ठरत नव्हतं. आम्ही पाच जण कधी रिकामे आहोत, यावर ते ठरत होतं. हिशोब चोख होता. त्या चोखपणाचीच मला जास्त शिसारी यायची.

खंडेनवमीला आमच्यावर हळदकुंकू पडायचं. "पासिंगची लक्षुमी," म्हणून भिवाजी हात जोडायचा, आणि हात जोडून झाले की दारातच तंबाखूची पिंक टाकायचा. हळद, पिंक, पॉलिशचा रॉकेलसारखा वास आणि उंदरांच्या लेंड्या. माझ्या रिमच्या पोकळीत एका उंदरिणीने दोनदा घर केलं. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, उन्हाळ्यात वरचा पत्रा तापायचा. मी वर्षातून काही दिवस बाहेर पडायचो, एका दिवशी अठ्ठावन्न किलोमीटर फिरायचो आणि परत यायचो. सात वर्षांत अशा फेऱ्या चौऱ्याण्णव. म्हणजे पाच हजार चारशे बावन्न किलोमीटर. जीपचा टायर एवढं अंतर काही आठवड्यांत तोडतो.

आणि दर फेरीला संध्याकाळी मी बघायचो, माझ्या जागी काय लावलं जातं ते. नक्षी पुसलेली, काही ठिकाणी आतला धागा दिसणारा. त्यावर दुसऱ्या दिवशी माणसं बसायची. मी शाबूत, कोरडा, निरुपयोगी. मला वाटायचं, मला एकदा खरं काम द्या, मी दाखवतो.

२००८ च्या फेब्रुवारीत जयसिंग आला. तो नांदेडकडचा. तिकडे एका मालकाच्या जीपवर ड्रायव्हर होता. मालकाने धंदा बंद केला, तेव्हा जीप जयसिंगने आपल्या नावावर करून घेतली आणि ती घेऊन कामाच्या शोधात थेट आमच्या बाजूला आला. घाटावरच्या मुठे गावाच्या बाजूच्या वाड्यांमधून नऊ बायकांना घाट उतरवून रोज सकाळी उरवड्याला आणायचं आणि संध्याकाळी परत पोचवायचं, हे काम त्याला मिळालं. गॅरेजच्या अगदी समोर रबराचे वॉशर बनवणारा कारखाना होता. बायका तिथे पॅकिंगला होत्या. गॅरेजचं दार उघडं असलं, की कारखान्याचं फाटक मला सरळ दिसायचं.

जयसिंगला प्रश्न विचारायची सवय होती. जुलैच्या सुरुवातीला तो कागद घेऊन गॅरेजमध्ये आला.

"कुशाबा मालक, एक पुसायलो. ह्याच्यावर एकवीस ऑगस्ट लिवलंय. म्हंजे एकवीसला जायाचं, का एकवीसच्या आत जायाचं, का त्याच्यानंतर महिनाभर सवड असती?"

"महिनाभर कोण म्हनलं?"

"फाट्यावरचे समदेच म्हणायलेत."

"फाट्यावरची मानसं गाडी चालवत न्हाईत, पाव्हणं. बाकड्यावर बसत्यात." कुशाबा हसला. "आदी काय करत व्हता मग?"

"आधी मालक बघायचे. मी नुसता स्टेरिंगवर. आता गाडी माझी झाली, तर कागद बी माझ्याच डोक्यावर आला की."

कुशाबाने दिनदर्शिका उलटली. एकवीस तारखेच्या गोलात भिवाजीचं नाव होतं. "एकवीसला जमायचं न्हाई. चौदाला टायर मोकळं हायेत. चौदाला जा."

"टायरचा काय संबंध?"

कुशाबाने त्याला खोलीचं दार उघडून आम्हाला दाखवलं. जयसिंग वाकला. मग त्याने माझ्या नक्षीत बोट घातलं. ते पेरापर्यंत आत गेलं नाही, पण गेलं. त्याच्या स्वतःच्या टायरात बोट जायला जागाच नव्हती.

"हे एक दिवसासाठी?" त्याने विचारलं.

"मग काय वर्सभर?"

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी जयसिंगने तोच कागद ज्ञानदाला दाखवला. ज्ञानदा कारखान्याच्या प्रयोगशाळेत रबर तपासायची. नुकतीच पदवी घेऊन आलेली, कोल्हापूरकडची, पिरंगुटला खोली घेऊन राहणारी. तिने कागद पुढून वाचला, मागून वाचला.

"एकवीसपर्यंत म्हणजे एकवीसपर्यंत," ती म्हणाली. "बावीस तारखेला ही गाडी प्रवासी घेऊन चालवली, तर गुन्हा. सवड वगैरे काही लिहिलेलं नाही. शिवाय तुमची गाडी नांदेडला नोंदलेली आहे. इथे तपासून घ्यायची तर तिकडच्या कार्यालयाचं पत्र लागेल ना?"

"लागतंय म्हणे."

"यायला किती दिवस?"

"भाऊ म्हणायलाय, पंधरा-वीस दिवस."

"मग तुमची मुदत एकवीस ऑगस्ट नाहीच. पत्रासाठी जुलै संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे. कागदावरची तारीख शेवटची असते हो. कामाची तारीख आपण मागे मोजत जाऊन काढायची असते."

मित्रांनो, हे वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. गावातल्या लोकांना इथलं कार्यालय, इथला रस्ता, इथली पळवाट सगळं ठाऊक असतं. परगावाहून आलेल्या माणसाला कागदावर जे छापलं आहे तेवढंच ठाऊक असतं. म्हणून तोच ते नीट वाचतो.

जयसिंगने भावाकडून अर्ज करवला. पत्र आठ ऑगस्टला आलं. त्याच संध्याकाळी तो कुशाबाकडे आला, पण चौदा तारीख मागायला नाही.

"मालक, मला हे टायर एक दिवस नको. कायमचे द्या. हप्त्याने देतो काय असेल ते."

"पासिंगचं टायर इकायचं?" कुशाबाने हातातला पाना खाली ठेवला. "तेवीस गाड्यांची सोय हाय ती. तू आलास काल."

"घाटात गाडी सरकायलीय. पाऊस लागला की वळणावर मागून कुणीतरी ढकलल्यावानी होतंय. आत नऊ बाया असत्यात."

"हळू चालवावी मग. आमी न्हाई का चालवत?"

तेव्हा जीपमधून रंभाबाई उतरल्या. त्या मुठ्याच्या, पन्नाशीच्या, नऊ बायकांत सगळ्यात मोठ्या, आणि कुशाबाच्या सख्ख्या मावशी. त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून आम्हाला निरखलं.

"कुशा, ह्ये कुनासाटी ठिवलंत?"

"सायबासाटी, मावशे. पासिंगला."

"साहेब किती येळ बसतो ह्याच्यावर?"

"बसत न्हाई. नुसतं बघतो."

"बघनाऱ्याला नक्षी, आन् बसनारीला टक्कल?" रंभाबाई म्हणाल्या. "तुज्या आयला, म्हंजे माज्या बहिनीला, बसवशील का रं ह्याच्या गाडीत, आत्ता, पावसात? बसव की. मी उतरते."

पलीकडे उभा असलेला भिवाजी हसला. कुशाबाने खाली ठेवलेला पाना उचलून जयसिंगपुढे धरला. "न्या. मला नायतरी नवा संच घ्यायचाच व्हता."

त्या संध्याकाळी आम्ही जयसिंगच्या जीपला लागलो. या वेळी पॉलिश नव्हतं. मला आठवतं, नट आवळताना तो प्रत्येक नटाला हात लावून बघत होता. सात वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो ते मला मिळालं होतं. रात्रभर पाऊस पडला आणि मला झोप आली नाही, असं माणसांच्या भाषेत म्हणता येईल.

सकाळी आम्ही घाट चढून गेलो आणि नऊ बायकांना घेऊन उतरायला लागलो. दुसऱ्या वळणावर जयसिंगने ब्रेक दाबला. मी रस्ता धरायला गेलो. रस्ता माझ्या हाती आला नाही.

हे कसं सांगू? नक्षी होती. तिच्यातून पाणी बाजूला जात होतं. पण खालच्या दगडाला, डांबराला चिकटायचं म्हणजे रबराला थोडं दबावं लागतं, त्याच्या खाचाखोचांत शिरावं लागतं. मी दबत नव्हतो. मी त्याच्यावरून घासत गेलो, पाटीवरून पाटी घासावी तसा. जीप हातभर सरकली आणि मग थांबली. मागून कोणीतरी "आगं बया" म्हटलं. जयसिंग खाली उतरला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लाज वाटली.

फाटकाशी ज्ञानदा वाकून बसली. माझ्या कुशीवरचे चार आकडे तिने बोटाने पुसले.

"चौदावा आठवडा, दोन हजार एक. सात वर्षांचा आहे हा." तिने नखाने माझ्या नक्षीच्या तळाशी असलेल्या बारीक भेगा दाखवल्या. मला त्या माहीत नव्हत्या. "थांबा."

ती आतून एक लहानसं यंत्र घेऊन आली. त्याला घड्याळासारखी तबकडी आणि खाली बोथट सुई. रबर किती कडक आहे, ते मोजायचं ते यंत्र. सुई माझ्या अंगावर टेकली. तिने पाच ठिकाणी मोजलं आणि आकडे वहीत लिहिले.

"नव्या टायरला साठ-पासष्टच्या आसपास यायला हवं. ह्याचं चौऱ्याऐंशी आहे."

"म्हंजे?" जयसिंगने विचारलं.

"नक्षी आहे, रबर मेलंय."

सात वर्षं मी बाकीच्यांचा तिटकारा करत आलो होतो. भिवाजीच्या पिंकेचा, रिकाम्या नळकांड्याचा, त्या खाकी शर्टाचा. त्या दिवशी मला कळलं, की एकोणीस वस्तूंमध्ये मी वेगळा नव्हतो. नळकांड्याचा काटा शून्यावर होता. माझा काटा कोणी बघितला नव्हता, एवढाच फरक.

ज्ञानदाचं तेवढ्याने समाधान झालं नाही. रविवारी कारखान्याचा रस्ता रिकामा असतो. तिने डांबरावर चुन्याची रेघ मारली. टँकरने रस्ता ओला करून घेतला. जयसिंग ताशी तीसच्या वेगाने यायचा आणि रेघेवर ब्रेक दाबायचा. टेपचं एक टोक ज्ञानदाकडे, दुसरं रंभाबाईंकडे.

"ताईट धरा, मावशी."

"धरलंय की. म्हशीचं दावं धरनारी बाई हाय मी, तुजी फीत काय सुटतीया."

तीन वेळा मोजलं. सतरा मीटर चाळीस. सोळा नव्वद. सतरा मीटर. सरासरी सतरा मीटर दहा सेंटीमीटर. मग चाकं बदलून जयसिंगचे जुने, गुळगुळीत टायर लावले आणि पुन्हा तीन वेळा मोजलं. सरासरी सतरा मीटर ऐंशी.

"तीसच्या वेगाला तेरा मीटरच्या आत थांबली पाहिजे," ज्ञानदा म्हणाली.

मित्रांनो, सतरा ऐंशीतून सतरा दहा वजा करा. सत्तर सेंटीमीटर. सात वर्षं दार लावून, हळदकुंकू वाहून, पॉलिश फासून जे जपलं, त्याची किंमत एवढी.

एकवीस तारखेला अकरा दिवस उरले होते. पत्र हातात होतं. कुशाबाने सरळ सांगितलं, "आरं, नक्षी हाय. ह्येच लाव, चौदाला जा, पास होतंय. साहेब काय सुई घिऊन बसत न्हाई."

"साहेबांकडं सुई नाही, पण मला आकडा कळालाय की," जयसिंग म्हणाला.

"कळाला तर इसर."

"कसा इसरू? घाटात ब्रेक मीच दाबायलो ना."

"मग कर काय करायचं ते. तारीख गेली, की कामबी जातंय. सुपरवायझर दुसरी गाडी लावील. भिवाजी टपूनच हाय."

ते खरं होतं. जयसिंगचं सगळं त्या एका कामावर होतं. कागद चालू ठेवायचा तर मी होतो, लगेच, फुकट. नवे टायर घ्यायचे तर तारखेच्या आत ते जमेल असं दिसत नव्हतं. त्याने काय केलं ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो. त्याने आम्हालाच पुन्हा लावलं, पण दुसऱ्या दिवसापासून घाटात वीसच्या वर वेग नेला नाही. एकवीस तारखेला संध्याकाळी बायकांना पोचवलं, जीप गॅरेजसमोर आणून उभी केली आणि मागच्या चाकाला दगड लावला. बावीसला ती हलली नाही. तेवीसला हलली नाही. भिवाजीने आपली जीप कारखान्याच्या फाटकाशी आणली आणि दोन दिवस भोंगा वाजवला. बायका त्याच्या गाडीत बसल्या नाहीत. पहाटेच्या एसटीने आल्या, उतरून पुढे चालत आल्या. तीन दिवस त्यांना उशिरा आल्याचं लिहिलं गेलं. रंभाबाई जाता-येता दगड लावलेल्या जीपला हात लावून जायच्या, गोठ्यातल्या जनावराला लावावा तसा.

त्या महिन्याची बायकांची भिशी रंभाबाईंच्या नावाने निघाली आणि ते पैसे त्यांनी टायरांसाठी जयसिंगच्या हातात ठेवले. तीस तारखेला नवे टायर आले. ज्ञानदाने आधी आठवडा आणि वर्ष वाचलं, मगच बिल होऊ दिलं. सुई टेकवली: त्रेसष्ट. एक सप्टेंबरला जयसिंग रिकामी जीप घेऊन पुण्याला गेला. तिथलं त्याने परतल्यावर गॅरेजात सांगितलं, ते असं. उशिराबद्दल जे भरायचं ते भरलं. "अकरा दिवस गाडी कुठे होती?" साहेबांनी विचारलं. "उभी होती, साहेब." साहेबांनी ब्रेक लावून बघितला आणि सही केली. पुढच्या रविवारी पुन्हा चुन्याची रेघ, पुन्हा टँकर, पुन्हा टेप. अकरा मीटर तीस सेंटीमीटर, माझ्यापेक्षा पाच मीटर ऐंशी कमी.

मला आणि माझ्या चार भावांना रिमवरून काढून गॅरेजमागे टाकलं होतं. माझ्यात पाणी साचलं, पाण्यात डासांच्या अळ्या झाल्या. समोरच्या खिडकीतून मी बघायचो, खोलीत नवे पाच टायर आले होते. काळे, मऊ, अंगावर अजून रबराचे केस असलेले. भिवाजीने दसऱ्याला त्यांच्यावर हळद वाहिली. ओरडून सांगावंसं वाटायचं, पोरांनो, बाहेर पडा, मऊ आहात तोवर.

दिवाळीनंतर जयसिंगने आम्हाला उचललं. मुठ्याच्या घाटात दुसऱ्या वळणावर कठडा नाही. तिथे दरीच्या काठाला त्याने पाच खड्डे खणले, आम्हाला अर्धं पुरलं आणि बायकांनी वर चुना फासला. धुक्यात काठ दिसावा म्हणून. इथे मला कोणी पास करत नाही. इथे नक्षी लागत नाही, मऊपणा लागत नाही, नुसतं पांढरं आणि जागेवर असावं लागतं. तेवढं मला जमतं.

तुम्ही कधी सहलीला या घाटाने गेलात, तर गाडीत बसण्याआधी दोन गोष्टी बघा. काचेवरच्या कागदाची तारीख बघा. ती पुढची असायला हवी. आणि वाकून टायरची कूस बघा. तिथे चार आकडे असतात. तारीख साहेबांनी लिहिलेली असते, आकडे कारखान्याने. दोन्ही वाचायला अर्धं मिनिट लागतं. ड्रायव्हरकाका रागावले, तर त्यांना रागावू द्या. आणि घरातली कुठलीही वस्तू फक्त दाखवायला जपून ठेवू नका. ती कुजते, आणि कुजलेली असताना चांगली दिसते, ही तिची सगळ्यात घाण गोष्ट.

२००९ च्या जुलैमध्ये चार दिवस पाऊस थांबला नव्हता. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी जयसिंगची जीप घाट उतरत होती. आत नऊ बायका होत्या. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे डोंगरातून दरड आली आणि अर्धा रस्ता मातीदगडांनी भरला. मला आवाज आला, मग जीपचे दिवे दिसले. जयसिंगने ब्रेक दाबला. दरडीपासून वाचवून त्याने गाडी काठाकडे घेतली. चाकं घासली. मग सगळं थांबलं आणि फक्त पाऊस ऐकू येत राहिला.

दार उघडलं. रंभाबाई उतरल्या, चिखलात बसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मोजा गं, नऊ हायेत का?"

नऊ होत्या.

दुपारी ज्ञानदा टेप घेऊन आली. जीप अजून हलवलेली नव्हती. टेपचं एक टोक जयसिंगने डाव्या पुढच्या चाकाला लावलं, दुसरं रंभाबाईंनी माझ्या पांढऱ्या पाठीवर धरलं. ज्ञानदाने वाचलं आणि वहीत लिहिलं.

दोन मीटर दहा सेंटीमीटर.